मामांच्या पोटात राहिलेली बातमी

माझे मामा शिरूर अनंतपाळजवळच्या एका गावात राहतात आणि त्यांच्या पोटात काहीही राहत नाही. हे मी डॉक्टर म्हणून सांगत नाही, भाची म्हणून सांगते. कुणाच्या मुलीला बघायला पाहुणे आले, कुणाच्या बोअरला पाणी लागलं, कुणाचा जावई जेवायच्या ताटावरून रुसून उठला, सगळं आधी मामांना कळतं आणि दुपारपर्यंत मारुतीच्या पारावरून गावभर पोचतं. माणूस वाईट नाही. चहाडी करणं, काड्या लावणं त्यांना जमतही नाही. बातमी हातात आली की ती ताजी असतानाच वाटून टाकायची, एवढंच त्यांना माहीत. हा स्वभाव आधीच सांगून ठेवते, कारण एका मोठ्या कंपनीने जे राखायला हवं होतं ते पुढे या माणसाला राखावं लागलं.

लातूरला माझी पॅथॉलॉजी लॅब आहे. सकाळी शटर वर जातं तेव्हाच बाकावर उपाशीपोटी आलेली माणसं बसलेली असतात. निम्मी खेड्यातली, पहिल्या एसटीने उतरलेली. पूर्वी रिपोर्ट आम्ही लिफाफ्यात घालून देत असू. त्यासाठी माणसाला संध्याकाळपर्यंत लातुरात ताटकळावं लागे, नाहीतर दुसऱ्या दिवशी पुन्हा यावं लागे. म्हणून मी सॉफ्टवेअर घेतलं. कंपनी मोठी, ठिकठिकाणच्या लॅबमध्ये तिचंच सॉफ्टवेअर. रक्त दिल्यावर जी पावती मिळते तिच्यावर खाली एक पत्ता छापलेला असायचा. तोच पत्ता मोबाइलवर लिंक म्हणून जायचा. त्यावर बोट ठेवलं की रिपोर्ट उघडला. ही सोय मला मनापासून आवडली होती, खोटं कशाला बोलू.

मामा साखर तपासायला आले होते. रक्त दिलं, माझ्याकडे पोहे खाल्ले, पोह्यांत शेंगदाणे कमी पडले म्हणून सांगितलं आणि गावी गेले. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"पोरी, तुझ्या मशिनीत काय बिघाड झालाय का?"

"का हो मामा?"

"मला दिवस गेलेत म्हणून राहिली ती."

मी खुर्चीत मागे रेलून हसले. मामा मात्र हसले नाहीत. "हसू नको. प्रेग्नन्सी लिहिलंय. पॉझिटिव्ह लिहिलंय. साखरेचं नावबी न्हाई त्यात." मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "आन् वर नाव माझं न्हाई, बाई. आमच्या गल्लीतल्या सुनेचं हाय."

माझं हसू तिथंच थांबलं.

झालं होतं ते असं. मामांच्या गावात बँकेची माणसं येऊन बजावून गेली होती की मोबाइलवर आलेल्या लिंकला बोट लावाल तर खातं रिकामं होईल. मामांनी हे इतकं मनावर घेतलं की लिंक दिसली की ते मोबाइल पालथा ठेवतात. रिपोर्ट तर बघायचा होता. म्हणून त्यांनी चष्मा लावला, पावती मांडीवर घेतली आणि तिच्यावरचा पत्ता एकेक अक्षर करून मोबाइलमध्ये टाकला. सोयाबीनच्या राशी उपसून जाड झालेलं ते बोट. शेवटच्या आकड्यावर पडायच्या ऐवजी शेजारच्यावर पडलं. तेवढ्यावर दुसऱ्याच पेशंटचा रिपोर्ट उघडला.

मी माझ्या मोबाइलवर करून बघितलं. शेवटचा आकडा बदलला, एका कापड दुकानदाराचं थायरॉईड समोर. पुन्हा बदलला, एका शिक्षिकेचं हिमोग्लोबिन. पासवर्ड नाही, कोण तुम्ही म्हणून विचारणं नाही. घराला दार आहे, पण कडीही नाही आणि कोयंडाही नाही.

त्या सुनेबद्दल सांगते. तिची परवानगी घेऊनच हे लिहिते आहे. तिला याआधी दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा राहिलं नव्हतं. दोन्ही वेळा सासूबाईंनी आनंदाच्या भरात गल्लीभर सांगून टाकलं होतं. नंतर त्याच गल्लीने येता-जाता तिला विचारलं, काय झालं गं, जड उचललं का, उपास केला होतास का. या वेळी तिने आणि नवऱ्याने ठरवलं होतं की तीन महिने पुरे होईपर्यंत घरातही बोलायचं नाही. ब्लाउज शिवायला टाकायचेत असं घरी सांगून ती लातूरला आली होती. तोंडाला स्कार्फ बांधून बाकावर बसली होती, आणि शेजारी कोण बसलंय हे मामांना शेवटपर्यंत कळलं नव्हतं. पावती घेताना तिने मला विचारलं होतं, "मॅडम, दुसऱ्या कुणाला दिसणार न्हाई ना?" मी म्हटलं होतं, "तुमच्या मोबाइलवरच येईल, निश्चिंत राहा." हा शब्द मी दिला होता, कंपनीच्या भरवशावर.

"मामा," मी फोनवर म्हटलं, "हे नाव कुणाला सांगायचं नाही."

"हाव."

"पारावर नाही, शेतात नाही, मामींनाही नाही."

"तुझ्या मामीला पण न्हाई?"

"नाही."

"कवापर्यंत?"

"ती स्वतः सांगेपर्यंत."

"लई अवघड काम देऊन राहिलीस, बाई," मामा म्हणाले. मग जरा थांबून, "पण चांगलं झालं गं पोरीचं. लई सोसलं तिनं." मी त्यांना मोबाइलमधून ते पान पुसून टाकायला लावलं, कारण त्यांचा मोबाइल पारावर बाजारभाव बघायला हातोहात फिरतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या सुनेला फोन केला. झालं ते जसंच्या तसं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "कुणी बघितला?"

"माझ्या मामांनी."

"म्हणजे ते पारावरचे?"

"हो."

"अरे देवा," ती म्हणाली. ती रडली नाही. चिडलीसुद्धा नाही. चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "मॅडम, मग आता तेवढा बंद करून टाका ना तो रिपोर्ट." सही झालेला रिपोर्ट मला पुसता येत नाही, आणि तसा तो कुणाही डॉक्टरला येता कामा नये. तो जिथून उघडत होता ते दार कंपनीच्या ताब्यात होतं. त्या दिवसापासून मी नवीन पेशंटना लिंक देणं बंद केलं, पुन्हा लिफाफे मागवले. पण जुने सगळे रिपोर्ट कंपनीच्या त्या लोटलेल्या दारामागे पडून होते, आणि त्यात तिचाही होता.

मी कंपनीला फोन केला. आधी गाणं ऐकवलं. मग एका मुलीने अतिशय गोड आवाजात तक्रार लिहून घेतली आणि तिकीट नंबर दिला. मग एका गृहस्थाचा फोन आला.

"मॅडम, लिंक फक्त पेशंटलाच माहीत असते, त्यामुळे ती सुरक्षितच आहे."

"अहो, शेवटचा आकडा बदलून बघा."

"पण पेशंट आकडा कशाला बदलेल?"

"चुकून."

"मग ती वापरणाऱ्याची चूक झाली, मॅडम. सिस्टिमची नाही."

मी म्हटलं, "माझ्या मामांचं बोट जाड आहे. त्याच्या भरवशावर तुम्ही लोकांची गुपितं ठेवलीत का?" यावर ते म्हणाले की तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. संध्याकाळी मेल आला: तुमच्या तिकिटाचं निराकरण झालं आहे. मी पुन्हा आकडा बदलून बघितला. कापड दुकानदाराचं थायरॉईड जागेवर होतं.

दुसरं तिकीट काढलं. त्यावर उत्तर आलं की ही त्रुटी नसून रचना आहे. तिसऱ्याला उत्तर आलं की पुढच्या आवृत्तीत विचार करू, प्राधान्य कमी. आणि खाली एक ओळ: करारानुसार या विषयाची वाच्यता इतरत्र करू नये. म्हणजे दार लावायचं नाही, पण दार उघडं आहे असं ओरडायचंही नाही. माझा राग तसा नाकावरच असतो. त्या ओळीनंतर तो खाली उतरलाच नाही.

याच दिवसांत एक अपडेट आलं. मी आशेने चालू केलं. लोगोचा निळा रंग थोडा फिकट झाला होता, आणि पेशंटला त्याच्या वाढदिवशी आपोआप शुभेच्छा जाण्याची सोय झाली होती. दोन बाळं गमावलेल्या बाईचं गुपित उघडं ठेवून ही मंडळी वाढदिवसाचे फुगे फुगवत बसली होती.

चूक होते म्हणून मी चिडत नाही. माझ्या मशीनची चूक होते, माझ्या माणसांची होते, माझीही होते. म्हणून तर रोज सकाळी पहिल्या पेशंटच्या आधी आम्ही मशीनमध्ये कंट्रोल लावतो. कंट्रोल म्हणजे ज्याचं उत्तर आम्हाला आधीच माहीत आहे असा नमुना. मशीनने त्याचं उत्तर चुकीचं दिलं की मशीन बंद. बाकावर कितीही माणसं उपाशी बसलेली असोत, कुणी आमदाराची चिठ्ठी घेऊन आलेलं असो, मशीन बंद म्हणजे बंद. आणि चुकीचा रिपोर्ट हातून गेलाच, तर मी स्वतः पेशंटला फोन करते, माझं चुकलं म्हणते आणि पुन्हा रक्त घेते. यात माझी इज्जत कधी गेली नाही. या लोकांना मात्र "चुकलं" हा शब्द तोंडातून काढायचा म्हणजे दात उपटल्यासारखं वाटतं.

इकडे मामींचा फोन आला. "तुझ्या मामाला काय झालंय बघ बरं. पारावर जाईनात. जेवण झालं की उठून शेतात जातेत. काई विचारलं तर कानावर हात ठेवून राहिलेत." मामींना काळजी वाटून त्या मामांना घेऊन थेट लॅबमध्येच आल्या. सगळं तपास म्हणाल्या. मी सगळं तपासलं. साखर थोडी जास्त, बाकी माणूस ठणठणीत. रोग मला ठाऊक होता, पण त्याला नळी लावून रक्त काढता येत नाही.

मामी बाहेर पाणी प्यायला गेल्या तेव्हा मामा माझ्याकडे झुकले. "पारावर बसलं की जीभ वळवळती, म्हणून जात न्हाई. ती रोज दारावरून जाती. तब्येत कशी हाय पोरी, एवढं तर विचारावं वाटतं. तेबी विचारता येत न्हाई. मी वर आभाळाकडं बघत बसतो. तिला वाटत आसंल, म्हातारं येडं झालं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते लपवलं नाही.

"तुझ्या कंपनीनं केलं का दुरुस्त?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग तू काय करून राहिलीस?" मामांनी हे असं विचारलं की त्यांनी त्यांचं काम केलंय आणि आता माझी पाळी आहे. ते खरंच होतं.

नांदेडला आमच्या लॅबवाल्यांचा मेळावा होता. नांदेडला माझं शिक्षण झालं, त्यामुळे तिथे मी पाहुणी म्हणून कधी जात नाही. विष्णुपुरीच्या रस्त्यावरचा एक मोठा हॉल, जेवणाला पुरणपोळी, आणि मेळाव्याचा खर्च करणारी तीच कंपनी. त्यांचे एक मोठे अधिकारी आले होते. बाहेर स्टॉल मांडला होता: मोफत साखर तपासणी, रिपोर्ट लगेच त्यांच्याच सॉफ्टवेअरमधून. उद्घाटन म्हणून त्या अधिकाऱ्यांनी स्वतः रक्त द्यायचं ठरलं होतं. मला हे आधी कळलं होतं. मी बरोबर त्यांच्या पुढे जाऊन उभी राहिले. त्यांनी अदबीने मला वाट दिली, "लेडीज फर्स्ट" म्हणाले. मी बोट पुढे केलं, पावती घेतली आणि आत जाऊन पहिल्या रांगेत बसले.

त्यांचं भाषण चांगलं झालं. पेशंटच्या माहितीची सुरक्षितता हा आमचा श्वास आहे, असं त्यांनी सांगितलं. मग प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि मी हात वर केला. म्हटलं, मला प्रश्न विचारायचा नाही, तुमच्या पडद्यावर माझाच रिपोर्ट दाखवायचा आहे. त्यांना वाटलं मी कौतुक करणार. त्यांनी हौसेने जागा करून दिली.

मी पावतीवरचा पत्ता टाकला. माझी साखर पडद्यावर भिंतीएवढी मोठी होऊन आली. नको तेवढी होती. मागून कुणीतरी ओरडलं, "मॅडम, पुरणपोळी सोडा आता." हॉल हसला, मीही हसले.

"हा रिपोर्ट उघडायला मला कुणी काही विचारलं का?" मी म्हटलं. "नाही. आता मी शेवटचा आकडा खोडते आणि त्याच्या पुढचा टाकते." मी तो टाकला. बटण मात्र दाबलं नाही. "रांगेत माझ्यामागे कोण उभं होतं?"

सगळ्या माना त्या अधिकाऱ्यांकडे वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं.

"दाबू का?" मी विचारलं.

ते खुर्चीतून अर्धे उठले. "नको मॅडम. प्लीज."

"का? साखरच तर आहे."

"तसं नाही, पण ते माझं खासगी आहे."

"हेच मी तुमच्या ऑफिसला इतके दिवस फोनवर सांगत होते," मी म्हटलं. "त्यांनी सांगितलं, ही रचना आहे." आणि मी आकडा पुसला. तो रिपोर्ट मी उघडला नाही, हे मुद्दाम सांगते. मला त्यांची साखर बघायची नव्हती.

हॉलमध्ये गलका झाला. जो तो आपला मोबाइल काढून आपल्याच लॅबची लिंक तपासू लागला. "अरे, हे तर खरंच हाय की!" असे आवाज चारी बाजूंनी यायला लागले. नांदेडचे एक वयस्कर डॉक्टर, ज्यांच्यापुढे आम्ही सगळे आजही उभं राहूनच बोलतो, ते उठले. त्यांनी आवाज चढवला नाही. "आमच्याकडून एचआयव्हीचे रिपोर्टसुद्धा यातूनच जातात," एवढंच म्हणाले. मग गलका थांबला. त्या अधिकाऱ्यांनी तिथेच फोन लावला, आणि या वेळी त्यांना कुणी गाणं ऐकवलं नाही.

दुरुस्ती आली, आणि चटकन आली. आता रिपोर्ट उघडायच्या आधी पेशंटच्या मोबाइलवर कोड येतो, जुन्या रिपोर्टनासुद्धा. म्हणजे हे काम अवघड नव्हतंच, करायचं नव्हतं इतकंच. सोबतच्या निवेदनात लिहिलं होतं: तुमचा अनुभव अधिक सुखद करण्यासाठी काही किरकोळ सुधारणा. दार इतके दिवस उघडं होतं, याबद्दल अक्षर नाही. आत कोण कोण डोकावून गेलं, पेशंटना ते कोण सांगणार, हे मी लिहून विचारलं. त्या तिकिटाचंही निराकरण झालं. मग मीच माझ्या काउंटरवर मोठ्या अक्षरांत सूचना लावली: काय झालं होतं, कुणामुळे झालं होतं, आणि तुम्हाला विचारायचं असेल तर मी आत बसले आहे. करारातली ती वाच्यतेची ओळ मला माहीत होती. कंपनीचा फोन काही आला नाही. आला असता तर मी वाटच बघत होते. पेशंट मात्र आत येऊन विचारून गेले, एक जण भांडूनही गेला. त्याचं भांडण रास्त होतं, मी ऐकून घेतलं.

लिफाफे अजून ठेवलेत. ज्याला हवा त्याला लिफाफा.

मग एका संध्याकाळी त्या सुनेचा फोन आला. तीन महिने पुरे झाले होते, सगळं व्यवस्थित होतं आणि तिने सासूबाईंना स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. सासूबाईंनी लगेच पेढे आणले आणि तिला बरोबर घेऊन गल्लीत वाटायला निघाल्या. वाटत वाटत मामांच्या दारात पोचल्या तेव्हा मामा ओट्यावर बसले होते.

"मग?" मी विचारलं. "काय म्हणाले?"

तिला हसू आवरेना. मामा म्हणे ताडकन उठले. "आता सांगून राहिलात? सगळ्या गल्लीला कळल्यावर? माझी काय किंमत हाय का न्हाई या गावात? मला न्हाई पायजे तुमचा पेढा!" सासूबाई गडबडल्या. त्यांनी हात जोडले, आमचं चुकलं म्हणाल्या, तुम्हाला आधी सांगायला पायजे होतं म्हणाल्या. मामींनी मध्यस्थी केली. मामा काही केल्या ऐकेनात. गल्ली गोळा झाली.

"मग मी पुढं झाले," ती म्हणाली, आणि तिचं हसू थांबलं. "त्यांच्या पाया पडले. सासूबाईंना वाटलं, रुसवा काढायला पडले."